जोडण्याआधी सुटण्याची सोय

युद्धनौकेला भर समुद्रात इंधन देण्याचे काम सांगायला फार सोपे आहे. टँकर ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या वेगाने सरळ चालत राहतो. युद्धनौका मागून येते, त्याच्या बाजूला पन्नासेक मीटरवर स्थिरावते आणि त्याच्याच वेगाने चालू लागते. टँकरवरून नळी येते, पंप सुरू होतो, टाक्या भरल्या की नळी परत जाते. पंप आणि नळी बंदरातल्या कोणत्याही तेलधक्क्यावर असतात, त्यात नवल काही नाही. नवल आहे ते त्या पन्नास मीटरांत. धक्का जागचा हलत नाही. इथे दोन्ही टोके हलती. हजारो टनांची दोन धुडे बारा ते सोळा नॉट वेगाने शेजारी-शेजारी चाललेली असतात. प्रत्येकाच्या डुलण्याची लय वेगळी, एक लाटेवर चढते तेव्हा दुसरे खाली उतरत असते, आणि मधले अंतर क्षणाक्षणाला वाढते-घटते. अशा अंतरावर वायर ताणायची, तिच्यावरून नळी लोंबवायची आणि तीतून ज्वलनशील तेल तासन् तास वाहू द्यायचे. या सामग्रीचा शंभरएक वर्षांचा इतिहास पाहिला की एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. दोन जहाजे एकमेकांना जोडणे हा यातला सोपा भाग होता. गरजेप्रमाणे सैल सोडणे, पुन्हा ओढून घेणे आणि प्रसंग आलाच तर क्षणात मोकळे होणे, हे साधण्यासाठी या सामग्रीचा एकेक भाग घडत गेला. ती ज्या आरमाराकडे भरवशाची आहे त्याचाच लांबचा पल्ला खरा; बाकीच्यांचा पल्ला कागदावरचा.

पल्ल्याचा हा प्रश्न कोळशाच्या काळात किती बिकट होता, ते रशियाच्या बाल्टिक ताफ्याने १९०४-०५ मध्ये जगाला दाखवले. अॅडमिरल रोझेस्त्वेन्स्की यांच्या हाताखाली हा ताफा ऑक्टोबर १९०४ मध्ये बाल्टिक समुद्रातून निघाला आणि सुमारे १८,००० सागरी मैलांची मजल मारून मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपान्यांसमोर उभा राहिला. वाटेत रशियाचे एकही बंदर नव्हते आणि तटस्थ देशांची बंदरे युद्धात उतरलेल्या ताफ्याला मोकळेपणाने कोळसा देऊ शकत नव्हती. म्हणून जर्मन कंपनीची कोळसावाहू जहाजे भाड्याने घ्यावी लागली आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जिथे आडोसा मिळेल तिथे नांगर टाकून पोत्यापोत्याने कोळसा चढवावा लागला. पुढचा थांबा मिळेल की नाही याची खात्री नसल्याने डेकवर आणि खोल्यांतही कोळशाचे ढीग रचले गेले. लढाईतल्या पराभवाला कारणे अनेक होती, पण सात महिने कोळशाच्या मागे धावून थकलेला ताफा लढायला उतरला होता हे त्यांपैकी एक होतेच. चालत्या जहाजावर कोळसा चढवण्याचे प्रयोग झाले नव्हते असे नाही. अमेरिकेत स्पेन्सर मिलर या अभियंत्याने दोन जहाजांमध्ये तारदोर बांधून त्यावरून कोळशाची पोती सरकवण्याची यंत्रणा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस करून पाहिली. पण एकेका खेपेला पोत्याभर कोळसा, आणि तोही पुन्हा फावड्याने कोठारात लोटायचा. तेलाने हा सगळा व्याप मिटवला. तेल वाहते, त्याला फक्त नळी लागते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आरमारे कोळसा सोडून तेलाकडे वळली तेव्हा वेग, धूर, खलाशांची संख्या अशा बाबींची चर्चा पुष्कळ झाली. पण भर समुद्रात, चालता चालता इंधन घेता येण्याची शक्यता हा त्या बदलाचा दूरगामी लाभ ठरला.

ही शक्यता युद्धाच्या कामी प्रथम पद्धतशीरपणे आली ती १९१७ मध्ये. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि तिच्या विनाशिका आयर्लंडमधल्या क्वीन्सटाउनकडे निघाल्या. लहान टाक्यांच्या या नौकांना अटलांटिक ओलांडताना इंधनाची शाश्वती नव्हती. तेव्हा ग्रीनलंडच्या दक्षिणेला सुमारे ३०० मैलांवर ‘मॉमी’ हा टँकर उभा करण्यात आला. मे महिन्याच्या अखेरीस त्याने सहा विनाशिकांना चालता चालता तेल दिले आणि जुलैच्या सुरुवातीपर्यंत अशा ३४ विनाशिकांची वाट सोपी केली. या टँकरवर दुय्यम अधिकारी आणि मुख्य अभियंता होते चेस्टर निमित्झ. पुढे दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या अमेरिकी आरमाराची सूत्रे ज्यांच्या हाती आली तेच. ‘मॉमी’च्या आधी ब्रिटिशांनी १९०६ पासून प्रयोग केले होते ते एकामागे एक जहाज चालवून, पुढच्याच्या पिछाडीतून मागच्याच्या नाळेकडे नळी सोडून. ‘मॉमी’ने नौका शेजारी घेतल्या. ती सामग्री आजच्या मानाने ओबडधोबड होती: एक जाड ओढदोर, दोन्ही जहाजांना एकमेकांच्या जवळ राखणारे आडवे दोर, आणि क्रेनच्या दांडीवरून लाकडी आधारांवर लोंबणारी आखूड नळी. अंतरही जेमतेम बारा-पंधरा मीटर. एवढ्या जवळून चालताना दोर ताठ झाला तर तुटणार आणि ढिला पडला तर नौका टँकरवर आपटणार. म्हणजे प्रश्नाचे खरे रूप पहिल्याच वर्षी उघडे पडले होते. तेल कसे पोचवायचे ते कळले होते; अंतर कसे सांभाळायचे ते शिकायला पुढची तीस-चाळीस वर्षे लागली.

अंतर सांभाळणे अवघड का, याचे उत्तर पाण्यात आहे. चालत्या जहाजाच्या नाळेपाशी आणि पिछाडीपाशी पाण्याचा दाब वाढलेला असतो, तर मध्यभागी पाणी वेगाने सरकत असल्याने दाब कमी झालेला असतो. दोन जहाजे शेजारी आली की त्यांच्यामधला पाण्याचा पट्टा एखाद्या अरुंद कालव्यासारखा होतो. त्यातले पाणी आणखी वेगाने वाहते, दाब आणखी उतरतो आणि दोन्ही जहाजे एकमेकांकडे ओढली जातात. शिवाय ही ओढ सर्वत्र सारखी नसते. मागून येणाऱ्या नौकेची नाळ टँकरच्या पिछाडीजवळ आली की आधी बाहेर ढकलली जाते आणि थोडे पुढे सरकताच आत खेचली जाते. या ओढीची ताकद लोकांच्या नजरेत आली ती २० सप्टेंबर १९११ रोजी, इंग्लंडच्या दक्षिणेला सोलेंटच्या पट्ट्यात. ‘टायटॅनिक’चे भावंड असलेले ‘ऑलिम्पिक’ हे प्रचंड प्रवासी जहाज आणि ‘हॉक’ ही क्रूझर शेजारून चालली होती. ‘हॉक’ एकाएकी वळली आणि तिची नाळ ‘ऑलिम्पिक’च्या मागच्या भागात घुसली. मोठ्या जहाजाच्या ओढीने लहान जहाज खेचले गेले हा युक्तिवाद कोर्टात टिकला. ज्या जवळिकीने तेव्हा अपघात घडवला तीच जवळीक इंधन घेताना मुद्दाम साधायची असते, आणि तीही तासन् तास. म्हणून युद्धनौकेच्या सुकाण्यावर निवडक माणूस उभा असतो, दिशेचे हुकूम अर्ध्या-एका अंशाचे असतात आणि वेग कमी-जास्त करायचा तो पंख्याच्या एखाद-दुसऱ्या फेऱ्याने. दोन्ही जहाजांच्या पुढच्या भागात एक वेगळा दोर ताणून धरतात. त्यावर दर वीस फुटांना वेगवेगळ्या रंगाचे निशाण असते, रात्री बारीक दिवे असतात आणि त्याच दोरातून दोन्ही कप्तानांच्या बोलण्याची टेलिफोनची तार जाते. रडारच्या जमान्यातही हा दोर टिकून आहे, कारण अंतर वाढते आहे की घटते आहे ते त्याच्याकडे पाहताक्षणी कळते.

आता मुख्य सामग्रीकडे. ती एकदम पलीकडे जात नाही, टप्प्याटप्प्याने जाते. पहिल्यांदा बंदुकीतून बारीक दोरी पलीकडे उडवतात. तिला बांधलेला जाड दोर मागोमाग ओढला जातो आणि त्या दोराला बांधून येते ती स्पॅन वायर, म्हणजे पोलादी तारांचा मुख्य दोर. टँकरवरच्या उंच खांबावरून निघालेली ही वायर युद्धनौकेच्या डेकवर एका भक्कम कडीला अडकवतात. मग तिच्यावर धावणाऱ्या चाकांच्या आधारांना टांगलेली रबरी नळी युद्धनौकेकडे सरकत जाते. नळी सरळ ताणलेली कधीच नसते. दोन-तीन ठिकाणी तिला मुद्दाम झोळ दिलेला असतो आणि प्रत्येक झोळ वर-खाली करायला स्वतंत्र दोर असतो. जहाजे दूर गेली तर झोळ उलगडतात, जवळ आली तर खोल होतात. नळीवर प्रत्यक्ष ओढ येतच नाही. ज्या जुन्या पद्धतीत नळी दांडीवरून लोंबायची, तिच्यात जहाजांना धोक्याच्या इतके जवळ राहावे लागे. स्पॅन वायर आल्यावर अंतर पन्नास मीटरांपर्यंत आणि त्यापलीकडेही वाढवता आले. ही वाढ वरवर पाहता किरकोळ आहे, पण दोन जहाजांमधली ओढ अंतरासोबत झपाट्याने कमी होत असल्याने सुकाणूवाल्याला चूक सावरायला त्यातून वेळ मिळाला. विमानवाहू जहाजासारखी अवाढव्य धुडे टँकरच्या शेजारी ठेवणेही त्यामुळे सोपे झाले. निमित्झ यांच्या देखरेखीखाली १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत मोठ्या जहाजांना शेजारून इंधन देण्याचा सराव आधीच झाला होता, आणि पॅसिफिकमधले युद्ध अमेरिकेने ज्या पल्ल्यावर लढले तो पल्ला या सरावातून आला.

स्पॅन वायरनेही एक प्रश्न शिल्लक ठेवला होता. वायरचे एक टोक टँकरच्या विंचवर, दुसरे पलीकडच्या कडीत. मध्ये अंतर बदलते आहे, तर वायर कोणी सोडायची आणि कोणी गुंडाळायची? सुरुवातीला हे काम विंच चालवणारा माणूस नजरेने करी. तो जरा चुकला की वायर एकतर नळीसकट पाण्यात बुडे किंवा तंतुवाद्याच्या तारेसारखी ताठ होऊन तुटे, आणि तुटलेली पोलादी वायर डेकवरून फिरली तर समोर येईल त्याला कापत जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर यावर टेन्शनर आला. यात हवेच्या दाबाने रोखलेला एक मोठा दट्ट्या असतो आणि वायर त्याच्या कप्प्यांवरून वेढे घेत पुढे जाते. जहाजे दूर सरली की वाढलेल्या ओढीने दट्ट्या दबतो आणि वायर आपोआप सुटते. जवळ आली की हवा दट्ट्याला बाहेर ढकलते आणि ढिली वायर गोळा होते. पतंग उडवणारा पोरगा वाऱ्याप्रमाणे ढील देतो आणि खेच घेतो, तेच हे यंत्र माणसाच्या हाताची वाट न पाहता करते. लाटेमागून लाट येत राहिली तरी वायरवरचा ताण जवळपास एकसारखा राहतो. समुद्रावरच्या इंधनभरणीला भरवशाचे काम बनवण्याचे श्रेय एकाच यंत्राला द्यायचे असेल तर ते पंपाला नव्हे, या टेन्शनरला द्यावे लागेल.

नळीच्या टोकाचा भागही याच विचाराने घडला. पूर्वी नळी डेकवर ओढून घ्यायची, खलाशांनी बोल्ट आवळून ती पाइपला जोडायची आणि सोडताना पुन्हा बोल्ट काढायचे, अशी रीत होती. आता नळीच्या टोकाला निमुळता प्रोब असतो आणि युद्धनौकेवर त्याच्यासाठी घंटेच्या आकाराचे तोंड असलेला रिसीव्हर. वायरवरून घसरत आलेला प्रोब त्यात शिरतो, खटका बसतो आणि खूण म्हणून बाजूचे दांडे उचलले जातात. आतली झडप प्रोब नीट बसल्यावरच उघडते आणि तो निघाला की बंद होते. ठराविक मर्यादेपलीकडे ओढ आली तर खटका आपणच सुटतो, डेकवर तेलाचा लोंढा येत नाही. सामग्रीचे बाकीचे तपशीलही असेच आहेत. युद्धनौकेच्या डेकवर वायर धरून ठेवणारा आकडा असा असतो की वायर ताणलेली असतानाही हातोड्याच्या एका टोल्याने तो उघडतो. टँकरच्या विंचवर वायरचे शेवटचे टोक कायमचे जखडत नाहीत, एका साध्या क्लिपने अडकवतात; सगळेच बिघडले तर वायर विंचवरून निसटून समुद्रात जावी, जहाजे एकमेकांना बांधलेली राहू नयेत. इंजिन बंद पडले, सुकाणू अडकले किंवा शत्रू दिसला तर भोंग्याचे पाच आखूड आवाज होतात. पंप थांबतो, प्रोब निघतो, नळी मागे ओढली जाते, वायर सुटते आणि नौका बाजूला होते. हे सुटणे दोन्ही जहाजांवर वारंवार घोटून घेतात. महागडी वायर गमावण्याची तयारी रचनेतच करून ठेवणारी यंत्रसामग्री फारशी आढळत नाही. ती तयारी असते म्हणूनच कप्तान आपले जहाज एवढ्या जवळ नेण्याचे धाडस करतो.

समुद्र या सगळ्यालाही पुरून उरतो याचा पुरावा डिसेंबर १९४४ मध्ये मिळाला. फिलिपाइन्सच्या पूर्वेला अॅडमिरल हॉल्सी यांचा विमानवाहू ताफा लढाईतून मागे येऊन १७ तारखेला इंधन घेऊ पाहत होता. वादळ जवळ येत होते आणि समुद्र इतका खवळला होता की नळ्या पटापट तुटत होत्या. ‘स्पेन्स’ ही विनाशिका हॉल्सी यांच्या ‘न्यू जर्सी’ या युद्धनौकेकडूनच तेल घ्यायला आली. नळ्या तुटल्या आणि ती जवळपास रिकाम्या टाक्यांनी परतली. इथे इंधनाचा दुसरा उपयोग लक्षात घ्यावा लागतो. तळाच्या टाक्यांतले तेल हे जहाजाचे वजनही असते आणि ते नौकेला उलटू देत नाही. रिकाम्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरता येते, पण एकदा पाणी भरले की तेल घेण्याआधी ते उपसावे लागते. त्यामुळे आज ना उद्या तेल मिळेल या आशेवर पाणी भरायला उशीर होतो. दुसऱ्या दिवशी ‘स्पेन्स’, ‘हल’ आणि ‘मोनाघन’ या तीन विनाशिका उलटून बुडाल्या आणि ताफ्यातल्या सुमारे ७९० जणांचा जीव गेला. पुढे निमित्झ यांनी ताफ्याला पत्र लिहून बजावले की जहाज वाचवण्याचे उपाय हाताशी वेळ आहे तोवरच करायचे असतात. म्हणजे सामग्री कितीही सुधारली तरी तिची मर्यादा ओळखून वेळीच हात आखडता घेणे हा त्याच विद्येचा भाग आहे. इंधन संपत आल्यावर टँकर शोधणारे आरमार निवड करण्याची मुभाच गमावून बसते. म्हणून अनुभवी ताफे टाक्या अर्ध्याच्या वर असतानाच पुन्हा भरून घेतात.

शेजारून तेल देण्याची पद्धत रूढ झाली, तरी एकामागून एक चालत तेल देण्याची जुनी पद्धत अगदीच टाकाऊ ठरली असेही नाही. ब्रिटिशांनी ती दीर्घकाळ धरून ठेवली आणि त्याची किंमत मोजली. मे १९४१ मध्ये जर्मन ‘बिस्मार्क’चा पाठलाग चालू असताना ब्रिटिश युद्धनौकांना भर अटलांटिकमध्ये तेल मिळण्याची सोय नव्हती, ‘बिस्मार्क’ बुडण्याच्या बेतात असताना ‘किंग जॉर्ज पाचवा’ला इंधनाअभावी घाईने मायदेशी वळावे लागले. पुढे १९४५ मध्ये पॅसिफिकमध्ये अमेरिकी ताफ्यासोबत लढताना ब्रिटिश जहाजे पिछाडीला तरंगत्या नळीतून तेल घेत होती आणि शेजारून तेल घेणाऱ्या अमेरिकनांपेक्षा त्यांना फार जास्त वेळ लागत होता. असे असूनही १९८२ च्या फॉकलंड युद्धात हीच मंद पद्धत उपयोगी पडली. मायदेशापासून सुमारे ८,००० सागरी मैलांवर लढायचे तर आरमाराचे स्वतःचे टँकर पुरणार नव्हते. ब्रिटनने खासगी तेल कंपन्यांचे टँकर ताब्यात घेतले आणि त्यांच्या पिछाडीला नळीची साधी व्यवस्था बसवली. शेजारून तेल देण्यासाठी लागणारे खांब, टेन्शनर आणि तयार खलाशी एका आठवड्यात उभे करता येत नाहीत. पिछाडीची नळी येते. वेगवान साधन हवेच, पण तातडीच्या वेळी कमी तयारीत चालणारे साधनही कपाटात असावे, हा धडा त्यातून मिळाला.

इथवरचे सगळे मान्य करूनही काही आक्षेप उरतात. पहिला असा की जगभर मित्रदेशांची बंदरे असताना एवढा खटाटोप कशाला; बंदरात जावे, धक्क्याला लागावे, तेल घ्यावे. याचे उत्तर १२ ऑक्टोबर २००० रोजी एडनच्या बंदरात मिळाले. ‘कोल’ ही अमेरिकी विनाशिका तिथे इंधन घ्यायला थांबली होती. स्फोटके भरलेली एक लहान होडी तिच्या कुशीला येऊन धडकली आणि १७ खलाशी ठार झाले. बंदरात जहाज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी उभे असते आणि ते कधी येणार हे गावाला माहीत असते. शिवाय बंदर परके असते. सरकार बदलले, धोरण फिरले की दार बंद. दुसरा आक्षेप अणुशक्तीचा. १९६४ मध्ये अमेरिकेने ‘एंटरप्राइझ’, ‘लाँग बीच’ आणि ‘बेनब्रिज’ या तीन अणुशक्तीवरच्या नौका ६५ दिवसांत, वाटेत इंधन न घेता पृथ्वीभोवती फिरवून आणल्या. आता टँकर कालबाह्य होणार असे तेव्हा अनेकांना वाटले. पण अणुभट्टी जहाजाला चालवते, त्याच्या विमानांना नाही. विमानांचे इंधन, दारूगोळा आणि अन्न यांसाठी अशा जहाजालाही पुरवठा जहाजाच्या शेजारी यावेच लागते. शिवाय सोबतच्या नौका अणुशक्तीवर ठेवणे इतके महाग पडले की १९९९ पर्यंत अमेरिकेने आपल्या अशा सगळ्या क्रूझर सेवेतून काढल्या. हेलिकॉप्टरने पुरवठा करावा म्हणावे तर ते सुटे भाग, पेट्या, माणसे सहज आणते. शेकडो टन तेल हे त्याचे काम नव्हे.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळा ताफा मोजक्या टँकरांवर अवलंबून राहिला तर शत्रूला फक्त टँकर बुडवले की पुरे. इतिहास या आक्षेपाच्या बाजूने साक्ष देतो. मे १९४२ मध्ये प्रवाळ समुद्राच्या लढाईत जपानी विमानांनी ‘निओशो’ या टँकरला विमानवाहू जहाज समजून निकामी केले. जर्मनीने दूरच्या पाणबुड्यांना तेल पुरवण्यासाठी दहा खास पाणबुड्या बांधल्या होत्या. दोस्तांनी त्या हेरून एकूण एक बुडवल्या आणि मग उरलेल्या पाणबुड्यांचा पल्लाही आखडला. शत्रूच लागतो असेही नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये कॅनडाच्या ‘प्रोटेक्टर’ या पुरवठा जहाजाला हवाईजवळ आग लागली, जोडीचे दुसरे जहाज गंजाने आधीच खिळखिळे झाले होते, आणि तीन महासागरांना तोंड देणाऱ्या या देशाला चिली आणि स्पेन यांच्या पुरवठा जहाजांची मदत घ्यावी लागली. शेवटी एका मालवाहू जहाजाचे रूपांतर करून ते २०१८ मध्ये सेवेत आणले तेव्हा कुठे सोय झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये ओमानजवळ ‘बिग हॉर्न’ हा अमेरिकी टँकर तळाला लागून जखमी झाला आणि त्या भागातल्या विमानवाहू ताफ्याच्या इंधनासाठी धावपळ झाली. पण हा आक्षेप टँकरच्या उपयुक्ततेविरुद्ध नसून त्यांच्या तोकड्या संख्येविरुद्ध आहे. जे दोर तुटले तर अख्खे आरमार थांबते, ते दोर एक-दोनच असू नयेत एवढेच त्यातून सिद्ध होते.

आपल्या नौदलाचा हिशेबही याच मापाने मांडायला हवा. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौका मुळात किनारा राखण्यासाठी बांधलेल्या, कमी पल्ल्याच्या होत्या. त्यांना मोठ्या नौकांमागे ओढून नेण्याची युक्ती योजली होती आणि मोहिमेच्या ताफ्यात ‘पोषक’ हा टँकर होता. क्षेपणास्त्रांची गोष्ट दर नौदल दिनाला सांगितली जाते, तिच्यामागचा हा इंधनाचा विचार क्वचितच. आज रशियात बांधलेले ‘ज्योती’, कोलकात्यात बांधलेले ‘आदित्य’ आणि इटलीहून आलेली ‘दीपक’ व ‘शक्ती’ ही जहाजे हे काम पाहतात. जानेवारी २०११ मध्ये मुंबईत सेवेत दाखल झालेले ‘दीपक’ १७५ मीटर लांब आणि सुमारे २७,५०० टनांचे आहे. मुंबईपासून एडन साधारण १,६५० सागरी मैल. एवढे अंतर कोणतीही आधुनिक नौका एका दमात कापते, पण तिथे पोचून आठवडेच्या आठवडे गस्त घालायची, मध्येच पूर्ण वेगाने धावायचे, तर गणित बदलते: वेग दुप्पट करायचा तर शक्ती साधारण आठपट लागते. चार जहाजांपैकी एखादे नेहमी दुरुस्तीला असते आणि किनारे दोन आहेत हे धरले, तर हाती काय उरते ते सहज कळेल. विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डशी ऑगस्ट २०२३ मध्ये पाच पुरवठा जहाजांचा करार झाला. प्रत्येकी ४४,००० टनांच्या या जहाजांवर सुमारे १९,००० कोटी रुपये खर्च होणार आहेत. पाणबुड्या किंवा विमानवाहू जहाजावरच्या खर्चाइतकी या रकमेची चर्चा झाली नाही, पण युद्धनौकांचा उपयोग दूरच्या पाण्यात होणार की नाही हे बऱ्याच अंशी याच खर्चावर ठरणार आहे.

एक उदाहरण पुढचा मार्गही दाखवते. १४ सप्टेंबर २०२० रोजी उत्तर अरबी समुद्रात ‘तलवार’ या भारतीय नौकेने अमेरिकेच्या ‘युकॉन’ या टँकरकडून इंधन घेतले. ‘तलवार’ सेंट पीटर्सबर्गमध्ये बांधलेली, टँकर अमेरिकी, आणि दोघांना जवळ आणणारा दोन देशांमधला पुरवठ्याचा करार २०१६ चा. पण करारावर सही झाली म्हणून कोणताही दोर कोणत्याही कडीत बसत नाही. जोड, इशारे, झेंडे, भोंगे आणि सुटण्याचा क्रम दोन्हीकडे एकच असावा लागतो, आणि तो एकत्र सरावातूनच अंगवळणी पडतो. परक्याच्या नळीवर पूर्ण विसंबावे असा याचा अर्थ नाही. मित्राचा टँकर हा जोडीला असावा. मित्राची मर्जी फिरली तरी चालेल एवढे स्वतःचे टँकर असल्यावरच त्या मैत्रीचा लाभ निश्चिंतपणे घेता येतो. म्हणून एखाद्या आरमाराची ताकद जोखताना युद्धनौका मोजून थांबू नये. खवळलेल्या समुद्रात, काळोखात, दिवसामागून दिवस त्यांतल्या किती नौकांना शेजारी घेऊन तेल देता येईल आणि धोका दिसताच किती वेळात मोकळे करता येईल, हे विचारावे. ज्या देशाकडे याचे सरावाने कमावलेले उत्तर आहे, त्याच्या युद्धनौकांच्या संख्येला समुद्रावर अर्थ आहे.